भाजीपाल्याच्या शेतांतील नत्रयुक्त वायूंचे उत्सर्जन

भाजीपाल्याच्या शेतांतील नत्रयुक्त वायूंचे उत्सर्जन म्हणजे रासायनिक किंवा सेंद्रिय खतांतून जमिनीत घातलेल्या नत्राचा काही भाग पिकाच्या उपयोगी न पडता वायुरूपाने हवेत निघून जाणे. अमोनिया, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि नायट्रोजन हे या रीतीने बाहेर पडणारे चार प्रमुख वायू होत. खत घातलेल्या कोणत्याही जमिनीतून हे वायू निघतात; तथापि भाजीपाल्याच्या शेतात खताची मात्रा मोठी, पाणी वारंवार आणि मुळे उथळ असल्याने तेथे दर हेक्टरी होणारे उत्सर्जन बहुधा तृणधान्यांपेक्षा अधिक असते.

या चार वायूंचे परिणाम सारखे नाहीत. शेतकऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान सामान्यतः अमोनियामुळे होते. नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जाणारे नत्र खताच्या मानाने अगदी थोडे, बहुतेक शेतांत शेकडा एकाच्या आसपास असते आणि त्याची उणीव पिकाला जाणवतही नाही. वातावरणाच्या दृष्टीने मात्र हाच वायू चौघांत सर्वांत भारी ठरतो. ज्याची किंमत शेतकऱ्याच्या खिशाला कळत नाही अशा या गळतीला आवर घालणे कठीण का जाते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या विषमतेत आहे.

भाजीपाल्याच्या पिकांचे वेगळेपण

गहू किंवा ज्वारी पक्व होताना पानांतील नत्र दाण्यात उतरते आणि कापणीच्या वेळी जमिनीतील उपलब्ध नत्र बरेचसे संपलेले असते. पालेभाजीचे तसे नाही. मेथी, कोथिंबीर, पालक ही पिके महिना-दीड महिन्यात, ऐन वाढीच्या अवस्थेत उपटली किंवा कापली जातात. पान हिरवेगार असेल तरच बाजारात भाव मिळतो. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत मुळांशी नत्र उपलब्ध असावे लागते. परिणामी पीक निघाल्यावरही जमिनीत नायट्रेटचा साठा शिल्लक राहतो आणि पुढचे पीक लावताना त्यावर पुन्हा पहिल्याइतकेच खत पडते.

मुळांची ठेवणही येथे महत्त्वाची ठरते. कांद्याची मुळे तंतुमय व विरळ असून बहुतेक वरच्या ३० सेंटिमीटरच्या थरातच राहतात. त्याखाली गेलेले नत्र कांद्याच्या हाती लागत नाही. कोबी व फुलकोबी यांची मुळे त्या मानाने खोल जातात, परंतु त्यांचा प्रश्न निराळा आहे. गड्डा काढून नेल्यावर शेतात उरणारी नत्रसमृद्ध पाने जमिनीत गाडली की वेगाने कुजतात आणि पीक उभे नसतानाही वायूंचे उत्सर्जन वाढवितात.

याखेरीज एक आर्थिक कारण आहे. भाजीपाल्याच्या एका तोड्यातून मिळणाऱ्या रकमेपुढे युरियाच्या एका गोणीची किंमत नगण्य असते. पिकाला काळोखी यावी म्हणून टाकलेली जादा मूठ शेतकऱ्याच्या दृष्टीने विम्याच्या हप्त्यासारखी असते. केवळ अज्ञानामुळे खत जास्त पडते, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

वायू तयार होण्याच्या प्रक्रिया

भारतात आणि चीनमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे नत्रखत म्हणजे युरिया. त्यात ४६ टक्के नत्र असते. जमिनीत पडलेल्या युरियाचे यूरिएझ या विकराच्या साहाय्याने अमोनियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होते. १९२६ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी स्फटिकरूपात वेगळा केलेला पहिला विकर हाच होय. त्या कार्याबद्दल त्यांना १९४६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. उबदार व ओलसर जमिनीत हे रूपांतर काही दिवसांत पूर्ण होते. त्या अवधीत युरियाच्या दाण्याभोवतालच्या मातीचा सामू तात्पुरता पुष्कळ वाढतो आणि अमोनियमचे अमोनिया वायूत रूपांतर होऊ लागते. जमीन मुळातच विम्ल व चुनखडीयुक्त असेल, ऊन कडक असेल, वारा वाहत असेल आणि युरिया मातीत न मिसळता पृष्ठभागावरच राहिला असेल, तर ही हानी सर्वाधिक होते. पहाटेच्या दवाने किंवा हलक्या शिडकाव्याने दाणा विरघळतो, परंतु नत्र खाली मुरत नाही. अमोनिया उडून जाण्यास ही स्थिती फार अनुकूल असते.

जमिनीत राहिलेल्या अमोनियमवर पुढे सूक्ष्मजीव काम करतात. अमोनियमचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट होते. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. ती सजीवांमुळे घडते हे फ्रान्समध्ये श्लोएझिंग व म्युन्त्झ यांनी १८७७ मध्ये दाखवून दिले. पुढे रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी ते जीवाणू वेगळे केले. दीर्घकाळ हे काम फक्त जीवाणूंचे मानले जात होते. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारे आर्किया गटातील सूक्ष्मजीव २००५ मध्ये प्रयोगशाळेत वाढविण्यात आले, तर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीवाणू २०१५ मध्ये सापडला. नायट्रीकरणास प्राणवायू लागतो आणि ते चालू असताना नायट्रिक ऑक्साइड व थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो.

जमिनीत पाणी भरून प्राणवायू कमी पडला की उलट दिशेची क्रिया सुरू होते. काही जीवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचे क्रमाने नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड व शेवटी नायट्रोजन वायू असे रूपांतर करतात. हे विनायट्रीकरण होय. साखळी शेवटापर्यंत गेली तर निरुपद्रवी नायट्रोजन निघतो. शेतकऱ्याचे खत वाया जाते, पण हवेचे काही बिघडत नाही. साखळी अलीकडेच तुटली तर मात्र नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. शेवटची पायरी पार पाडणारा विकर आम्ल जमिनीत नीट काम करीत नाही, तसेच नायट्रेट विपुल असले तरी ही पायरी मागे पडते. अतिखताने आम्ल झालेल्या भाजीपाल्याच्या जमिनीत या दोन्ही अडचणी एकत्र येतात.

मेरी फायरस्टोन आणि एरिक डेव्हिडसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये या प्रक्रियांसाठी गळक्या नळाची उपमा दिली. नळातून किती नत्र वाहते हे खताच्या मात्रेवर ठरते, तर नळाच्या भोकांतून कोणता वायू किती गळतो हे मुख्यतः जमिनीतील ओलाव्यावर ठरते. भोके लहान करण्याचे उपाय पुष्कळ असले, तरी नळातील प्रवाह मोठा असेल तोवर त्यांना मर्यादा राहतात.

ओलाव्याचा हा संबंध मराठी शेतकऱ्याच्या ‘वाफसा’ या शब्दातून चांगला उलगडतो. वाफशावर मातीच्या पोकळ्यांत पाणी व हवा या दोन्ही असतात, मुळे श्वास घेतात आणि नायट्रीकरण जोमाने चालते. पोकळ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांहून अधिक जागा पाण्याने व्यापली की विनायट्रीकरण वाढू लागते. साधारण ६० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात नायट्रस ऑक्साइड सर्वाधिक निघतो. त्याहून ओल्या, चिखल झालेल्या जमिनीत साखळी पूर्ण होऊन नायट्रोजनचे प्रमाण वाढते. भाजीपाल्याला दर चार-आठ दिवसांनी पाटपाणी दिले जाते तेव्हा जमीन या पट्ट्यातून पुनःपुन्हा जाते. म्हणून भाजीपाल्याच्या शेतातील उत्सर्जन एकसारखे होत नाही. खत आणि पाणी यांच्यामागून काही दिवस ते उसळते आणि मग ओसरते.

वायूंचे परिणाम

अमोनिया हा चौघांपैकी एकच असा, जो आपले अस्तित्व स्वतः सांगतो. ताज्या कोंबडखताच्या ढिगाजवळ नाकाला झोंबणारा वास त्याचाच असतो. हवेत तो काही तास ते काही दिवस टिकतो. काही अमोनिया जवळच्या जमिनीवर व पाण्यावर पुन्हा उतरतो. उरलेला आम्लांशी संयोग पावून अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांचे सूक्ष्म कण तयार करतो. हिवाळ्यात शहरांवर पसरणाऱ्या धुरक्यात या कणांचा वाटा असतो. उपग्रहांनी केलेल्या मोजणीत गंगा-सिंधूचे मैदान जगातील अमोनियाच्या सर्वांत दाट पट्ट्यांपैकी एक ठरले आहे. हा अमोनिया अर्थातच केवळ भाजीपाल्याचा नाही. भात, गहू आणि जनावरांचे मलमूत्र यांचाही त्यात भाग आहे.

नायट्रिक ऑक्साइड अल्पायुषी असून सूर्यप्रकाशात जमिनीलगतचा ओझोन तयार होण्यास साहाय्य करतो.

नायट्रस ऑक्साइडला रंग नाही आणि शेतातून निघणाऱ्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. १७७२ मध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी तयार केलेला आणि पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी ‘हसविणारा वायू’ म्हणून परिचित झालेला वायू तो हाच. वातावरणात तो सरासरी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकतो. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर अब्ज भागांत त्याचे सुमारे २७० भाग होते. २०१९ मध्ये ते ३३२ झाले. हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या सहाव्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या कालावधीत एक किलो नायट्रस ऑक्साइडची तापविण्याची शक्ती २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी असते.

त्याचा दुसरा परिणाम त्याहून वरच्या थरात घडतो. स्थितांबरात पोहोचल्यावर त्यापासून नायट्रोजनची क्रियाशील ऑक्साइडे बनतात आणि ती ओझोनचा नाश करतात. ही साखळी पॉल क्रुट्झेन यांनी १९७० मध्ये मांडली. १९९५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. क्लोरोफ्लुओरोकार्बनांवर बंधने आल्यानंतर ओझोनचा ऱ्हास करणाऱ्या मानवनिर्मित उत्सर्जनांत नायट्रस ऑक्साइडच अग्रस्थानी आहे, असे ए. आर. रविशंकर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले. माँट्रियल करारात मात्र या वायूचा समावेश नाही.

शानदोंगमधील हरितगृहे

अतिखताचा परिणाम सर्वांत ठळकपणे अभ्यासला गेला तो उत्तर चीनमधील शानदोंग प्रांतात. या प्रांतातील शौग्वांग हा भाग चीनमधील भाजीपाल्याचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र आहे. सहाव्या शतकातील ‘छीमिन याओशू’ या कृषिग्रंथाचा कर्ता ज्या स्यश्ये हाही शौग्वांगचाच मानला जातो. आधुनिक शौग्वांगची ओळख मात्र १९८९ पासूनची आहे. त्या वर्षी सान्युआनझू या गावात वांग लयी यांच्या पुढाकाराने १७ कुटुंबांनी शेकोटी वा कोळसा न जाळता, केवळ सूर्याच्या उष्णतेवर हिवाळ्यात काकडी पिकविणारी हरितगृहे उभारली. उत्तरेला मातीची जाड भिंत, दक्षिणेकडे उतरते प्लॅस्टिकचे आच्छादन आणि रात्री त्यावर अंथरावयाच्या गवताच्या चटया, अशी त्यांची रचना होती. कडाक्याच्या थंडीत ताजी भाजी मिळू लागली, उत्पन्न वाढले आणि ही पद्धत उत्तर चीनभर पसरली.

उत्पन्नाबरोबर खतही वाढले. शानदोंगमधील शेतांचा नत्राचा ताळेबंद मांडणारे एक संशोधन २००६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यातील आकडे आजही उद्धृत केले जातात. हरितगृहातील भाजीपाल्याला वर्षाकाठी दर हेक्टरी सरासरी १,३५८ किलो नत्र रासायनिक खतांतून, १,८८१ किलो सेंद्रिय खतांतून आणि ४०२ किलो सिंचनाच्या पाण्यातून मिळत होते. पिकाच्या गरजेहून जास्त झालेले नत्र हेक्टरी ३,३२७ किलो होते. त्याच प्रदेशातील गहू-मक्याच्या शेतात हा आकडा ३४९ होता.

या आकड्यांतील दोन गोष्टी लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली ही की, सेंद्रिय खतांतून आलेले नत्र रासायनिक खतांपेक्षा जास्त होते. कोंबडखत व इतर भरखते यांत नत्र नाही असे समजून, किंवा त्याचा हिशेब न धरता, वरून पूर्ण मात्रेने रासायनिक खत देण्याची पद्धत केवळ चीनमध्ये आहे असे नाही. दुसरी गोष्ट सिंचनाच्या पाण्याची. विहिरीच्या पाण्यातूनच हेक्टरी ४०० किलो नत्र शेतात येत होते, कारण मागील वर्षांत झिरपलेले नायट्रेट उथळ विहिरींत साठले होते. शेतकरी एकदा विकत घेतलेले खत उपसून पुन्हा शेतात घालीत होता आणि त्याची त्याला कल्पना नव्हती.

प्लॅस्टिकखालची उबदार व ओली हवा, विपुल नायट्रेट आणि भरखतातील सहज कुजणारा सेंद्रिय कर्ब हे सर्व विनायट्रीकरणास पोषक असते. हंगामाच्या आरंभी भरखत व रासायनिक खत एकत्र घालून पहिले भरपूर पाणी दिले की नायट्रस ऑक्साइडची मोठी उसळी येते. पुढील प्रत्येक वरखताबरोबर लहान उसळ्या येत राहतात. दीर्घकाळ चाललेल्या नायट्रीकरणाने माती आम्ल होते, हेही चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर नोंदविले गेले. १९८० च्या दशकापासून देशातील प्रमुख पिकाऊ जमिनींचा सामू लक्षणीयरीत्या उतरल्याचे २०१० मध्ये दाखविण्यात आले. त्यात भाजीपाला व फळबागांच्या जमिनींची स्थिती अधिक वाईट होती.

रासायनिक खतांच्या वापरातील वाढ २०२० पर्यंत शून्यावर आणण्याची योजना चीनने २०१५ मध्ये जाहीर केली. त्या वर्षी सुमारे ६ कोटी टन असलेला वापर २०२० पर्यंत सुमारे सव्वापाच कोटी टनांवर आला.

मोजमाप

शेतातून निघणारा वायू मोजणे दिसते तितके सोपे नाही. सर्वाधिक प्रचलित पद्धत बंद पेटीची आहे. मातीत रोवलेल्या चौकटीवर तळ नसलेली पेटी उलटी बसवितात आणि ठरावीक मिनिटांच्या अंतराने आतील हवा पिचकारीने काढून घेतात. प्रयोगशाळेतील वायुवर्णलेखन यंत्रावर नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण पाहून ते किती वेगाने वाढले हे काढतात. या यंत्रात बसविला जाणारा अतिसंवेदनशील शोधक जेम्स लव्हलॉक यांनी १९५० च्या दशकात तयार केला. वरंब्यावर आणि सरीत, खताच्या दाण्याजवळ आणि दूर, असे पेटीच्या जागेनुसार उत्तर बदलते. आठवड्यातून एकदाच मोजणी झाली आणि नेमकी उसळी मधल्या दिवशी आली, तर वर्षाचा अंदाज पुष्कळ चुकतो. जुन्या नोंदींतील विस्कळीतपणाचे हे एक कारण आहे.

अमोनिया आम्लात शोषून मोजतात. खरी अडचण नायट्रोजन वायूची आहे. हवेत तो आधीच ७८ टक्के असताना मातीतून निघालेला त्याचा अल्प अंश वेगळा ओळखणे जवळपास अशक्य असते. त्यासाठी नत्राचा १५ वस्तुमानांकाचा समस्थानिक असलेले खत वापरतात, किंवा प्रयोगशाळेत मातीभोवतालची हवा काढून तेथे हेलियम व प्राणवायू यांचे मिश्रण भरतात. १९७० च्या दशकापासून वापरात आलेल्या ॲसिटिलीन पद्धतीत साखळीची शेवटची पायरी रोखून सर्व वायू नायट्रस ऑक्साइडच्या रूपात मोजला जातो. मात्र ॲसिटिलीनमुळे नायट्रीकरणही थांबत असल्याने तिचे निष्कर्ष जपून वापरावे लागतात.

देशांच्या अहवालांसाठी प्रत्येक शेत मोजणे शक्य नसल्याने ठरावीक गुणक वापरतात. उपर्युक्त आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या मार्गदर्शक सूत्रांत घातलेल्या नत्राच्या १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने थेट बाहेर पडते असे धरले आहे. २०१९ च्या सुधारणेत ओल्या हवामानात रासायनिक खतासाठी १.६ टक्के आणि कोरड्या हवामानात ०.५ टक्के असे भेद केले गेले. युरियातील नत्राचा १५ टक्के भाग अमोनिया व नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या रूपाने उडतो असे तेथे मानले आहे. हे गुणक सरासरीचे आहेत. खताची मात्रा पिकाच्या गरजेपलीकडे गेली की नायट्रस ऑक्साइड सरळ प्रमाणात न वाढता अधिक वेगाने वाढतो, असे अनेक ठिकाणच्या प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे अतिखताच्या शेतात एकच गुणक लावल्यास उत्सर्जन कमी दिसते. याचा अर्थ असाही होतो की, शेवटची जादा गोणी कमी केल्यास होणारा लाभ पहिल्या गोणीच्या मानाने मोठा असतो.

कांद्याच्या एका हेक्टराचा हिशेब

महाराष्ट्रात कांद्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश ही शिफारस प्रचलित आहे. सर्व नत्र युरियातून दिले असे धरल्यास सुमारे २१७ किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोच्या पाच गोण्यांपेक्षा थोडा कमी. वरील गुणकांनुसार त्यातील १५ किलो नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपाने जाते. हे जवळपास ३३ किलो युरियाइतके, म्हणजे पाऊण गोणीएवढे आहे.

एक टक्क्याच्या गुणकाने नायट्रस ऑक्साइडमधून जाणारे नत्र फक्त १ किलो होते. त्यापासून १.५७ किलो नायट्रस ऑक्साइड बनतो आणि त्याचा तापविणारा परिणाम सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे अंदाजे १८५ लिटर पेट्रोल जाळण्याइतका असतो. कडुनिंबाच्या लेपाचा खर्च व कर वगळून ४५ किलो युरियाची सरकारने ठरविलेली किंमत २४२ रुपये आहे. त्या भावाने या एक किलो नत्राची किंमत सुमारे १२ रुपये होते. बारा रुपयांची हानी टाळण्यासाठी कोणी खत देण्याची सवय बदलील अशी अपेक्षा करणे अवघड आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनी बहुधा विम्ल व अनेक ठिकाणी चुनखडीयुक्त आहेत. त्यामुळे नाशिक, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील भाजीपाल्याच्या पट्ट्यात पृष्ठभागावर फेकलेल्या युरियातून अमोनिया उडण्याचा धोका मोठा असतो. रब्बी कांद्याचे वरखत उन्हात देऊन पाणी पुढच्या पाळीपर्यंत लांबविल्यास तो आणखी वाढतो. खरीप कांद्याची स्थिती उलट असते. काळी माती पावसात फुगते, तिच्या भेगा मिटतात, निचरा मंदावतो आणि साचलेल्या पाण्याखाली विनायट्रीकरण होते. पावसाळ्यात पीक पिवळे पडल्याचे पाहून युरियाची आणखी एक मात्रा दिली जाते. पिवळेपणाचे मूळ कारण मात्र पुष्कळदा खताची कमतरता हे नसून गुदमरलेली मुळे हे असते. रुंद गादीवाफ्यावर केलेली लागवड येथे निचऱ्यासाठी उपयुक्त ठरते. कोकणातील जांभ्याच्या जमिनी आम्ल असल्याने तेथे अमोनियाची हानी त्या मानाने कमी राहते.

कांद्याच्या बाबतीत शेतकऱ्याला उत्सर्जनापेक्षा अधिक पटणारे एक कारण उपलब्ध आहे. लागवडीनंतर साधारण ४५ दिवसांच्या पुढे नत्र देत राहिल्यास माना जाड होतात, त्या नीट मिटत नाहीत आणि चाळीत कांदा लवकर सडतो. उशिरा दिलेले नत्र अशा रीतीने दोनदा नुकसान करते. निम्मे नत्र लागवडीच्या वेळी आणि उरलेले ३० व ४५ दिवसांनी दोन हप्त्यांत देण्याच्या शिफारशीमागे साठवणुकीचा हा विचार आहे. त्यामुळे वायूंची गळतीही कमी होते.

झिरपून विहिरीत गेलेले नायट्रेट हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. हे नत्र जमिनीतून गेले तरी प्रश्न मिटत नाही, कारण पुढे ओढे-नाल्यांत त्यातील काही भागाचे विनायट्रीकरण होते आणि अप्रत्यक्ष उत्सर्जन म्हणून त्याचीही गणना करावी लागते.

उत्सर्जन कमी करण्याचे उपाय

युरिया पाच ते सात सेंटिमीटर खोल मातीत घातला किंवा टाकल्यानंतर लगेच पुरेसे पाणी दिले, तर अमोनियाची हानी पुष्कळ कमी होते. खुरपणीच्या वेळी खत मातीआड करण्याची जुनी रीत याच तत्त्वाची आहे. मात्र वाचलेले नत्र जमिनीतच राहते आणि ते पिकाने उचलले नाही, तर त्यातून पुढे नायट्रस ऑक्साइड निघू शकतो. एका वायूला रोखताना दुसऱ्याला वाट करून दिली जाते, हा या क्षेत्रातील नेहमीचा पेच आहे. म्हणून वाचलेल्या नत्राइतकी मात्रा कमी केली नाही तर खोल खत देण्याचा लाभ अर्धाच राहतो.

ठिबक सिंचनातून विद्राव्य खते थोडी थोडी देण्याने जमिनीचा थोडाच भाग ओला होतो, वाफसा टिकतो आणि नायट्रेटचा मोठा साठा एका वेळी तयार होत नाही. पाटपाण्याच्या तुलनेत नायट्रस ऑक्साइड बहुतेक प्रयोगांत कमी आढळला आहे. तरीही ठिबक बसवून खताची जुनीच मात्रा चालू ठेवल्यास ओल्या पट्ट्यात नत्र साचते.

नायट्रीकरण मंदावणारी रसायने हा आणखी एक मार्ग आहे. भारतात यासाठी कडुनिंबाचा उपयोग झाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत निंबोळी पेंडीचा लेप दिलेल्या युरियावर १९७० च्या दशकापासून काम झाले आणि २०१५ मध्ये देशात तयार होणारा सर्व युरिया नीम कोटेड करणे बंधनकारक करण्यात आले. अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये हाही त्या निर्णयाचा एक हेतू होता. डायसायनडायअमाइड हे कृत्रिम रसायन न्यूझीलंडमध्ये कुरणांवर वापरले जात असे. दुधात त्याचे अंश सापडल्यावर २०१३ मध्ये तेथील विक्री थांबविण्यात आली. अमोनियमचे नायट्रेट होणे लांबविले की जमिनीच्या वरच्या थरात अमोनियम अधिक काळ राहते आणि विम्ल जमिनीत अमोनियाची हानी वाढू शकते, ही या रसायनांची मर्यादा आहे. त्यामुळे ती वापरताना खत मातीआड करणे अधिकच आवश्यक ठरते.

लागवडीपूर्वी मातीतील नायट्रेट तपासून, तसेच शेणखत, कोंबडखत व विहिरीचे पाणी यांतून येणारे नत्र वजा करून उरलेलेच नत्र रासायनिक खतातून देण्याची पद्धत युरोपात भाजीपाल्यासाठी दीर्घकाळ प्रचलित आहे. महाराष्ट्रात माती परीक्षणाची सोय असली, तरी भाजीपाल्याच्या दोन पिकांमधील अवधी पुष्कळदा आठवडाभराचाच असतो आणि तेवढ्यात परीक्षणाचा अहवाल हाती येणे कठीण जाते. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट मात्र रंगपट्टीने शेतावरच काही मिनिटांत अजमावता येते.